साफ केलेली नदी

“मनोरा कुठे गेला?” धाकट्याने विचारलं.

ती, त्याची ताई, ओट्याशी उभी राहून स्वतःचा डबा भरत होती, आई टेबलाशी चहा घेत बसली होती, आणि भिंतीवर मामाने आदल्या दिवशी हौसेने आणून लावलेलं नवं कॅलेंडर होतं. त्यावर एक नदी होती. निळी, रुंद, ऐटीत वळलेली, अलीकडच्या काठावर हिरवळ, पलीकडे दुसऱ्या देशाचे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत ‘चला, सीमेवरच्या नंदनवनात!’ धाकटा सीमेवरच्या पहाऱ्याच्या नोकरीवरून आजारपणाची लांबलचक रजा काढून घरी आल्यापासून, एक सकाळ सोडली तर, हो, नाही आणि नको एवढंच बोलायचा. त्यामुळे त्याने आपण होऊन एक अख्खं वाक्य उच्चारलं याचाच दोघींना आधी आनंद झाला. “कसला मनोरा रे?” आई लाडाने म्हणाली. “इथे होता,” असं म्हणून त्याने हिरवळीवर बोट ठेवलं. “मी त्याच्यावरच असायचो. आणि तार इथून होती. इथपर्यंत.” बोट कागदावरून हळूहळू सरकत कडेला जाऊन थांबलं. तिच्या डब्याचं झाकण काही केल्या लागेना. कारण ते बोट जिथून गेलं अगदी तिथूनच तार गेली होती, आणि हे त्या घरात त्याच्याखेरीज आणखी एकाच माणसाला ठाऊक होतं. तिला. तिनेच ती तार पुसली होती.

ती छापखान्यात फोटो साफ करायची. जाहिरातींचे, कॅलेंडरांचे, लग्नांच्या अल्बमांचे फोटो तिच्या पडद्यावर यायचे आणि त्यातलं नको ते तिने काढून टाकायचं: विजेच्या तारा, कचऱ्याचे डबे, नवरीच्या गालावरचा फोड, एकदा तर एका कंपनीच्या साहेबाच्या शेजारी उभा असलेला, मधल्या काळात साहेबाच्या मनातून उतरलेला दुसरा साहेब. छापखान्यात सगळे तिला सफाईबाई म्हणत आणि तिला त्याचा राग येत नसे, उलट थोडा अभिमानच वाटे. पुसणं हे लोकांना वाटतं तसं पुसणं नसतंच. शेजारचं गवत उचलायचं आणि नको त्या वस्तूवर आणून ठेवायचं. शेजारचं आभाळ उचलायचं, खांबावर ठेवायचं. जग एवढं एकसारखं असतं की कुठलाही तुकडा कुठेही खपून जातो, फक्त तोच तुकडा जवळजवळ दोनदा ठेवायचा नाही, नाहीतर बघणाऱ्याच्या डोळ्याला खटकतं. हा धंद्यातला पहिला धडा. नदीच्या त्या फोटोत ती नेमकी तिथेच चुकली होती. मालक मागे उभा राहून घाई करत होता, तारेचा शेवटचा तुकडा झाकायला काही सापडेना, म्हणून पिवळ्या फुलांचं एक झुडूप तिने उचलून शेजारी ठेवलं आणि मग पुन्हा एकदा शेजारी ठेवलं. तीन जुळी झुडपं. मालकाला दिसली नाहीत, गिऱ्हाइकाला दिसली नाहीत, चित्र आधी सहलींच्या जाहिरातींवर झळकलं आणि बऱ्याच महिन्यांनी कॅलेंडर छापून गावभर गेलं. कामाबरोबर आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘कुंपण, मनोरा, पाट्या नकोत. निसर्ग ठेवावा.’ जागेचं नाव नव्हतं, कधीच नसतं, फायलीला फक्त नंबर असतो. नदी म्हणजे नदी. कुठलीही असेल. आपला भाऊ कुठल्या नदीवर आहे हे तिला माहीत होतं, पण ती नदी दिसते कशी हे तिने कधी विचारलंच नव्हतं. पहिल्या रजेत तिने विचारलं होतं, “दिवसभर काय करतोस रे तिथे?” तो म्हणाला होता, “बघतो.” “काय बघतोस?” “पाणी.” ती हसली होती. बरी आहे की नोकरी, म्हणाली होती.

आणि हे सगळं एकवेळ ती गिळून बसली असती, पण मनोऱ्यावर एक ठिपका होता. काम सुरू करताना आधी धूळ काढायची असते. कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ फोटोत काळे ठिपके होऊन उतरते, ते टिपून टिपून काढायचे, हात इतका सवयीचा होतो की डोळा वेगळा काही विचारत नाही. मनोऱ्याच्या कठड्याशी एक ठिपका होता, तोही तिने टिपला, आणि मग मनोरा पुसला. आता कॅलेंडरसमोर उभं राहून तिला तो ठिपका आठवला. तो जरा उभट होता. धूळ उभट नसते.

“ते मी काढलंय,” ती म्हणाली. “मनोरा, तार, सगळं. माझ्या हाताने काढलंय मी. हे चित्र आमच्याकडेच आलं होतं.” आईने तिच्याकडे आणि मग त्याच्याकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. “तू लहानपणापासून त्याला पाठीशी घालतेस,” ती म्हणाली. झालं. एवढ्यावर विषय संपला. आईचं असंच होतं, तिला मुलं खोटं बोलतात असं वाटत नसे, मुलं एकमेकांसाठी खोटं बोलतात असं वाटे. त्यात मामाने तिचे कान भरलेले. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, बाबा गेल्यापासून या घरातल्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणं हे आपलं कर्तव्य आहे असं समजणारा, बोलण्यात लोण्यासारखा आणि आतून आडमुठा. धाकट्याला ती नोकरी त्यानेच ओळखीने लावून दिली होती. त्यामुळे धाकटा तिथे झोपेविना झिजला, त्याचे हात कापायला लागले, तो रिकाम्या खोलीत दाराकडे तोंड करून बसायला लागला, हे मान्य करणं म्हणजे मामाची ओळख वाया गेली हे मान्य करणं. ते मामाला कसं झेपावं? “बघ आक्का,” तो संध्याकाळी येऊन कॅलेंडरवर थाप मारत म्हणाला, “ही जागा! माणसं पैसे मोजून जातात इथे. आणि आपले चिरंजीव म्हणतात तिथे झोप येत नाही! अरे, मला सोडा तिथे, मी उठणारच नाही.” आई हसली. धाकटाही कसनुसं हसला. तो हसला याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. फेकून मार ना काहीतरी, तिला वाटलं. थोबाड फोड त्याचं. पण धाकटा असाच होता. लहानपणी खेळताना कुणी ढकललं तर पडल्यापडल्या तोच म्हणायचा, लागलं नाही, लागलं नाही.

रजा संपत आली होती. परत हजर व्हायचं की कायमचं सोडायचं हे कळवायचं होतं आणि धाकट्याने ते आईवर सोपवलं होतं. आई म्हणेल तसं. यात त्याचा भाबडेपणा किती आणि थकवा किती हे तिला कधी उमगलं नाही, पण आई म्हणाली जा, तर तो बॅग भरून जाईल आणि मग त्याचं काय होईल हे तिला लख्ख दिसत होतं. कारण एका सकाळी तो तिच्याशी बोलला होता. ती बेसिनपाशी दात घासत होती, तो मागे टॉवेल घेऊन थांबला होता, आणि दाढीचं पातं संपलंय म्हणून सांगावं तशा आवाजात तो म्हणाला, “ताई, तिथे माणसं पोहत यायची. डोक्यावर गाठोडं धरून. मी शिट्टी वाजवायचो. बहुतेक वळायची. एकदा दोघं वळली नाहीत.” तोंडात फेस असल्यामुळे तिला पटकन बोलता आलं नाही. तिने चूळ भरली आणि विचारलं, “मग?” “मग जे करायचं असतं ते केलं,” तो म्हणाला. “गाठोडं तरंगत राहिलं.” आई शेजारच्या खोलीत होती. तिने हे ऐकलं होतं, ती दारात आली होती, आणि काय म्हणाली, तर “सकाळी सकाळी असलं काही बोलू नये.” त्यानंतर तो बोलला नाही. आणि आता हे कॅलेंडर आलं. आईला जे ऐकायचं नव्हतं ते खोटं ठरवायला तिला एवढं सुंदर, गुळगुळीत, बारा महिन्यांचं साधन मिळालं, आणि ते घरच्याच मुलीने बनवून दिलं.

मूळ फोटो दाखवला की प्रश्न मिटला, म्हणून ती दुसऱ्या दिवशी छापखान्यात सगळ्यांच्या आधी गेली. पण तिने, घाईत, साफ केलेलं चित्र मूळ फाईलवरच चढवलं होतं, मूळ फोटो उरलाच नव्हता. मालकाला विचारलं तर तो म्हणाला, “अहो, जे नकोच होतं त्याची आता काय गरज पडली?” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं म्हणजे त्याचं काय चुकलं होतं? काहीच नाही. म्हणून तर आणखी राग आला.

सहलीची टूम अर्थातच मामाची. जाऊन येऊ, आईला डोळ्यांनी बघू दे, धाकट्यालाही कळू दे की भीती मनात असते, जागेत नसते. तिकडून आलो की आक्का तू काय ते सांग. आई तयार झाली. धाकट्याला विचारलं तर तो म्हणाला, चालेल. चालेल! ती मात्र एका कारणासाठी खुशीने तयार झाली. चित्रातून पुसलं म्हणून लोखंड थोडंच पुसलं जातं? मनोरा असेलच की तिथे. आईला मनोऱ्यासमोर उभं करायचं, मान वर करायला लावायची, आणि मामाकडे बघून फक्त हसायचं. प्रवासभर ती हे हसू मनात घोळवत राहिली. बसमध्ये मामाने खिडकीची जागा आईला दिली आणि तो वाटभर तिला झाडं दाखवत राहिला, जशी काही त्यानेच लावली होती. मागच्या बाकावर एक नवं जोडपं सतत स्वतःचेच फोटो काढत होतं. धाकटा तिच्या शेजारी हात मांड्यांखाली दाबून बसला होता. घाट सुरू झाला तसा तो वळणं यायच्या आधीच वळणांकडे कलू लागला. रस्ता त्याच्या अंगात होता. तिने त्याचा एक हात ओढून काढला आणि स्वतःच्या हातात धरला. तो गार होता. माझ्यासाठी एवढंच कर, ती मनात म्हणाली, तिथे गेल्यावर बोल. आईसमोर बोल. मग मी आयुष्यात तुझ्याकडे काही मागणार नाही. आणि मग तिला जाणवलं की त्याच्याकडून काहीतरी मागणाऱ्यांच्या रांगेत आपणही उभ्या आहोत, आणि ती स्वतःवरच चिडली.

बस थांबली, सगळे पाय मोकळे करत उतरले, एका कमानीखालून पुढे गेले, आणि नदी समोर आली. निळी, रुंद, ऐटीत वळलेली. हिरवळ. पलीकडचे डोंगर. ती आधी डावीकडे पाहू लागली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मनोरा नव्हता. तार नव्हती. खांब नाही, पाटी नाही, साधा खळगाही नाही. हिरवळ सरळ पाण्यापर्यंत उतरत गेली होती आणि तिच्यावर माणसं चादरी पसरून बसली होती. आणि उताराच्या मध्यावर पिवळ्या फुलांची तीन झुडपं होती, एकसारखी, एकाच उंचीची, एकाच बाजूला झुकवून बांधलेली. तिने ती पुन्हा मोजली. गाईड छोटा माईक तोंडाशी धरून कौतुकाने सांगत होता, “पूर्वी इथे असं नव्हतं बरं का. लोक चित्र बघून यायचे आणि इथे आल्यावर तक्रार करायचे, चित्रातल्यासारखं नाही म्हणून. शेवटी वरून हुकूम आला, जसं चित्र तशी जागा करा. झाडनझाड चित्रावरून लावलंय. ती तीन झुडपं बघा, एकसारखी मिळवायला माळ्याला घाम फुटला.” सगळे हसले. “मग पहारा?” नव्या जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं. “आहे की! डोंगरामागे. आता सगळं कॅमेऱ्यावर. दिसायला नको ना पाहुण्यांना.”

ती हसणाऱ्या माणसांमध्ये उभी होती. तिला सगळ्यांचा राग आला. मालकाचा, ज्याने घाई केली. हुकूम काढणाऱ्यांचा, ज्यांना पोहत येणाऱ्या माणसांचं काय करावं हे कळलं नाही पण झुडपं कशी लावावीत हे बरोबर कळलं. चादरीवर बसून फळं सोलणाऱ्या त्या बाईचा, तिचा काय दोष, पण तिचाही. आणि स्वतःच्या उजव्या हाताचा. तिच्या एका आळशी दुपारच्या चुकीला माती घालून, पाणी घालून, इथे फुलं आणली होती. जे तिने नुसतं झाकलं होतं ते या लोकांनी खरोखर उपटून टाकलं. आता या भावाने कुणाला काय दाखवायचं? तिला ओरडावंसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की आपण ओरडतोच आहोत. “इथे मनोरा होता!” ती ओरडत होती. “इथे, या माणसाच्या पायाखाली! आणि तार इथून अशी खाली जाऊन वळत होती. मी पुसलीय, मला माहीत आहे, वीतभरही सोडलेली नाही मी! माझा भाऊ तिथे उभा होता आणि मी त्याला धूळ समजून टिपून टाकला!” गाईडचा माईक खाली आला. लोक सरकून उभे राहिले, जसं आजारी माणसापासून सरकतात. “अगं, काय हे चारचौघांत!” मामा पुढे झाला आणि त्याने तिचं कोपर धरलं. “आक्का, बघितलंस? हिलाही लागण झाली. मी म्हणत होतो ना? कुठे आहे मनोरा? कुठे आहे तार? दाखव ना!” तिने कोपर हिसडून घेतलं. आईने ओठ घट्ट मिटले होते, तिला लाज वाटत होती. “पुरे,” आई म्हणाली. “घरी जाऊन ठरवू काय ते.” म्हणजे ठरलंच होतं. आईच्या आवाजावरून तिला कळलं, ठरलं.

या सगळ्या गोंधळात धाकट्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. तो चालायला लागला होता. आईलाच तो आधी दिसला, कारण लाजेने तिने तोंड फिरवलं होतं. तो हिरवळीवरून पाण्याच्या दिशेने निघाला होता, पण सरळ नव्हे. तो आधी डावीकडे गेला, मग एका जागी वळला, भिंत असावी तसा, मग आडवा चालत राहिला. मोकळं गवत पसरलेलं असताना तो एका पायवाटेएवढ्या रुंदीत, एकामागे एक पाऊल टाकत चालत होता. चादरीवरचं एक कुटुंब त्याच्या वाटेत आलं तेव्हा तो त्यांना ओलांडून गेला, बाजूने नाही. त्यांनी त्याच्याकडे मान वर करून पाहिलं. त्याला ती दिसली नसावीत. त्याची मान कलली होती, खांदे आत ओढलेले होते आणि हात अंगाशी चिकटवलेले होते, कपडे कशात अडकू नयेत म्हणून धरतात तसे. तिला ती वाट ओळखू आली. ती तारेच्या कडेने जाणारी वाट होती. तिने त्या वाटेवरही गवत ठेवलं होतं. “काय करतोय हा?” मामा म्हणाला. “ए! अरे इकडे ये!” धाकटा थांबला. एका जागी त्याने हात पुढे केला, काहीतरी वर उचलून धरलं, आणि मग तो वाकला. कंबरेत वाकला, गुडघे मोडले, डोकं छातीत घातलं, आणि त्या रिकाम्या हवेखालून तिरका होऊन, सावकाश, पलीकडे निघाला. पाठ वर करायच्या आधी त्याने मागे हात नेऊन शर्ट सोडवला. खरोखर सोडवला, चिमटीत धरून. मग तो ताठ उभा राहिला आणि पाण्याकडे बघू लागला.

मामा हसला. मोठ्याने नाही, पण हसला. ती त्याच्या अंगावर धावूनच जाणार होती, पण तेवढ्यात आई चालायला लागली. आईचा एक गुडघा धरलेला असायचा, उतारावर ती कुणाचा तरी हात मागायची. आता तिने मागितला नाही. तीही सरळ गेली नाही. ती डावीकडे गेली, वळली, आडवी चालली, हात अंगाशी धरून, मुलगा जिथे जिथे पाय टाकत गेला होता तिथेच पाय टाकायचा प्रयत्न करत. चादरीवरच्या लोकांनी या खेपेला पाय जवळ घेतले. “आक्का, अगं तिथे काही नाहीये!” मामा ओरडला. “सरळ जा की!” आईने मागे वळून पाहिलं, आणि आपल्या भावाशी ती आयुष्यात कधी बोलली नसेल अशा आवाजात म्हणाली, “तू गप्प बस. तू एकदाही इथे आला नाहीस. तू त्याला इथे पाठवलंस.” मग ती त्या जागी पोचली आणि वाकायला लागली. गुडघा वळेना. तिने जमिनीवर हात टेकले, मग दुसरा गुडघा टेकला, आणि शेवटी अक्षरशः रांगत, डोकं गवताला लागेल इतकं खाली घालून ती निघाली. धाकटा वळला. आईला तशी बघून त्याचा चेहरा पिळवटला. तो धावत आला आणि त्याने दोन्ही हातांनी ते, जे काही होतं ते, तिच्या पाठीवर वर उचलून धरलं. “हळू आई,” तो म्हणत होता. “अजून खाली. अजून थोडी खाली. डोकं वर करू नकोस.” “नाही करत,” आई गवतात तोंड घालून म्हणाली. “तू नीट धर.”

आई पलीकडे गेली आणि त्याने तिला उठवून उभं केलं. आई धापा टाकत होती, तिच्या कपाळाला माती लागली होती, आणि ती त्याच्या दंडाला धरून पाण्याकडे बघत राहिली. “कुठून यायची ती माणसं?” मग तिने विचारलं. धाकट्याने हात लांब करून दाखवलं. आई तिकडे बघत राहिली.

तीही, त्याची ताई, पळत उतारावरून खाली आली होती, पण त्या जागेपाशी येऊन थबकली. पुढे नुसतं गवत होतं. तिनेच ठेवलेलं, मऊ, एकसारखं, दोन पावलांत ओलांडून जाता येईल असं. ती पाऊल उचलणार एवढ्यात आई मागे वळली. आईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी तिचा आवाज संतापाने थरथरत होता.

“सरळ कुठे येतेस?” आई म्हणाली. “तूच पुसलीस ना? मग वाक.”